पहिल्या शंभर गोळ्या साच्याच्या

खोली बघायला म्हणून मी महाल नावाच्या वस्तीतल्या त्या घरात शिरलो, तेव्हा घरमालकीण अंगणात पाटावर बसून शेगडीवरच्या लोखंडी कढईत काहीतरी ढवळत होती. रविवारची सकाळ होती. मी कराडहून नव्या नोकरीवर आलेला, तीन दिवस लॉजमधलं जेवलेला तेवीस वर्षांचा ब्रह्मचारी. मला वाटलं, खीर. दारातूनच मी जमेल तेवढ्या लाघवीपणानं म्हणालो, "वा! गोडाचा बेत दिसतोय."

"शिसं आहे," ती मान वर न करता म्हणाली. "खातो का?"

मी दोन पावलं मागे सरलो.

"बंदुकीच्या गोळ्या ओतून राहिलो. खोली माडीवर आहे, पाहून घे. मले मधात बोलू नको."

ती स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असंच बोले, त्या भागातल्या बायका बोलतात तसं. सुरुवातीला आठवडाभर मी मागे वळून बघायचो, हे आणखी कोण बोललं म्हणून. मी कुठला ते तिला तीनदा सांगितलं, पण तिच्या लेखी वर्ध्याच्या पलीकडे सगळं पुणंच होतं. खुशीत असली की मी ‘बाबू’, रागात असली की ‘पुणेवाला’.

मोहल्ल्यात तिला गोळीवाली मावशी म्हणत. वय साठीच्या पुढे, अंगानं तुरीच्या काडीसारखी, आणि रविवारी नऊवारीवर नवऱ्याचा जुना खाकी कोट. त्या कोटाला शिशाच्या थेंबांनी इतकी भोकं पडली होती की तो कोट आहे की चाळणी, असा प्रश्न पडावा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे राहिलं होतं सावनेरकडचं बारा एकर शेत, ज्वारी आणि भुईमूग, आणि एक भरमार बंदूक. भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून आधी बारूद, मग गोळी ठासून भरायची, जुन्या पद्धतीची. तिकडे रानडुकरांचा फार त्रास. एका रात्रीत अर्धा एकर भुईमूग नांगरल्यासारखा उकरून ठेवतात. म्हणून शेतकऱ्यांना पीकरक्षणासाठी असल्या बंदुकांचं लायसन मिळे.

नवऱ्याचं लायसन आपल्या नावावर करून घ्यायला ती गेली, तेव्हा साहेब म्हणाले, "बाईमाणसाला बंदूक कशाला?"

ती म्हणाली, "डुक्कर विचारते का साहेब, शेत बाईचं आहे का माणसाचं?"

लायसन झालं.

शेतावर ती एसटीनं जायची, बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर आडवी घेऊन. बंदुकीची नळी शेजारच्या उतारूच्या कुशीत. एकदा मीही बरोबर होतो. नवीन कंडक्टरनं विचारलं, "मावशी, हे लांबलचक काय आहे? लगेजचं तिकीट लागंल."

"माझा मालक आहे," ती म्हणाली. "झोपला आहे. उठवू का?"

कंडक्टर पुढच्या सीटवर गेला, तो सावनेर येईपर्यंत मागे आला नाही.

एवढं सगळं असून ती बंदूक चालवायची किती? मी होतो त्या काळात दोनदा, आणि एकदा तर आभाळात. बाजारात छर्रे मिळत. इतर शेतकरी मूठभर छर्रे भरून अंधारात बार काढून मोकळे होत. मावशीला ते पटायचं नाही. "छर्र्यानं मरत नाही गा ते. कुठंतरी नाल्यात जाऊन दोन दिवस पडून राह्यते, अन् ओरडते. आपल्याले झोप येते का मग? एक गोळी, एक जीव. तेवढं जमत नसंल तर डबडं वाजवा लागते." आणि एका गोळीत काम व्हायचं तर गोळी गोल पाहिजे, अगदी गोल. त्यासाठी हा सगळा रविवारचा यज्ञ.

गोळी पारखायची तिची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पितळेची परात उपडी घालायची, एका कडेखाली विटेचा तुकडा ठेवून तिला जरा उतार द्यायचा आणि वरून गोळी सोडायची. गोल गोळी सुतासारखी सरळ खाली येई. कुठे सुरकुती असली, पोकळी असली, की ती मधेच डाव्या-उजव्या अंगाला वळे. "चालली बघ माहेरी," मावशी म्हणे, आणि ती गोळी उचलून पुन्हा कढईत.

त्या वेळी अंगणात पाण्याचा थेंब चालत नसे. उकळत्या शिशात पाणी पडलं की ते फुटून उडतं. हे मला सांगितलेलं होतं. तरीही एका रविवारी मी आंघोळ करून, ओला पंचा खांद्यावर झटकत, गाणं म्हणत तिच्या मागून गेलो. असा आवाज झाला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. माझ्या लुंगीला अकरा भोकं पडली. मावशीनं आधी साचा पाहिला, मग शेगडी पाहिली, मग माझ्याकडे वळली.

"जळलं का कुठं?"

"नाही."

"मंग काहून उभा आहे? जा, माणसासारखा पुसून ये."

त्या दिवसापासून तिनं मला मदतनीस करून घेतलं. माझ्यासारखा माणूस मागे मोकळा फिरण्यापेक्षा डोळ्यासमोर बसलेला बरा, असा हिशेब असावा.

मी राहायला गेलो त्याच वर्षी तिचा जुना साचा गेला. साचा म्हणजे अडकित्त्यासारखी उघडणारी वस्तू. दोन लोखंडी पाकळ्या, दोन्हींत अर्धी अर्धी वाटी, मिटल्या की आत गोळीएवढी पोकळी. वरच्या भोकातून शिसं ओतायचं, क्षणभर थांबायचं, उघडायचं. त्याची खीळ झिजून झिजून तुटली. मग इतवारीतल्या एका खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवर लोखंड कातणाऱ्याकडून, तिनं नवा साचा करवून घेतला. चकचकीत, सुबक. मला वाटलं, आता काय, धडाधड गोळ्या.

तीन रविवार तिनं त्यात शिशाचा थेंब घातला नाही.

पहिल्या रविवारी सोड्याच्या पाण्यात उकळून खरादवाल्याच्या हातचं तेल काढलं. वाळवलं. शेगडीच्या कडेला ठेवून तापवलं, निववलं, तापवलं, निववलं. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. मी कंटाळून म्हणालो, "मावशी, लग्न लावताय की गोळ्या ओतताय?"

"लग्न एका दिवसात होते," ती म्हणाली. "घर लागाले टाइम लागते."

चौथ्या रविवारी पहिली गोळी पडली. मनुका. सगळीकडून सुरकुतलेली. दुसरी तशीच. चाळीस गोळ्या काढल्या, चाळीसच्या चाळीस मनुका, आणि ही बाई प्रसन्न. "नवा साचा लाजते गा. पहिल्या शंभर गोळ्या साच्याच्या, मंग आपल्या." सुरकुती का येते तेही तिनं तेव्हाच सांगितलं. एक तर साचा थंड, नाहीतर आत तेलाचा अंश. "याले तेलाचा हात लावला तर हात तोडीन तुया." मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

सातव्या रविवारी साच्याच्या आतल्या वाट्यांवर रंग चढला. निळसर, काळपट, पिकल्या जांभळासारखा. तिनं मला जवळ बोलावून दाखवला. नातवाचा पहिला दात दाखवावा तसा. त्या दिवशी परातीवरून पहिली गोळी सरळ आली. मावशीनं ती माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती, मी टाकून दिली. ती हसली. तिला एवढं मोकळं हसताना मी त्या आधी पाहिलं नव्हतं.

तिचा मुलगा भिलाईला नोकरीला होता. शांत, समंजस माणूस. त्याला खलनायक करता आलं असतं तर मला ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. मावशीचा एक डोळा मोतीबिंदूनं पुरता गेला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. पोळ्याच्या सुमारास तो आला आणि म्हणाला, "आई, तुला समोरचा माणूस ओळखू येत नाही, अन् तू बंदूक घेऊन मचाणावर बसून राहिली. उद्या कोणा माणसाला लागली म्हणजे? शेत विकू. बंदूक ठाण्यात जमा करू. माझ्याकडे चल."

"ऑपरेशन करतो नं मी."

"अन् ऑपरेशननंतरही नाही जमलं तर?"

मग तिनंच अट घातली. मुलानं नाही, तिनं. "संक्रांतीले ये. तुझ्यासमोर दहा गोळ्या ओतीन. दहाच्या दहा परातीवरून सरळ गेल्या, तर शेताचं नाव काढाचं नाही. एक जरी वाकडी गेली, तर कागद आण, मी सही करतो."

मुलगा म्हणाला, "गोळ्या ओतणं अन् बंदूक चालवणं एक आहे का?"

"ज्याले ओतता येत नाही त्यानं चालवू नाही. बस."

मला या अटीची काळजी वाटली नाही. तो साचा, ते हात आणि एक बरा झालेला डोळा. दहाच काय, शंभर गेल्या असत्या.

नवरात्रात धंतोलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. तेव्हा मोतीबिंदू म्हणजे मोठं प्रकरण असे. डोळ्यावर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. मी संध्याकाळी डबा घेऊन जायचो. अष्टमीला ती आढ्याकडे तोंड करून म्हणाली, "बाबू, उद्या नवमी आहे. हत्याराले फूल वाहून देशीन?"

"देईन की."

"फूलच वाहाचं. अजून काही करू नको."

ते शेवटचं वाक्य माझ्या कानावर पडलं होतं. ते ध्यानात ठेवायचं, एवढंच राहिलं.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातलं झाडून सगळं लोखंड बाहेर निघतं. विळी, कोयता, कुदळ. चिंच आणि विटकर लावून ते असं घासायचं की तोंड दिसलं पाहिजे. मळक्या हत्याराला फूल वाहणं म्हणजे देवाला पारोसं बसवणं. सकाळी मी उत्साहानं कामाला लागलो. पळी घासली, कढई घासली, बंदुकीची नळी पुसली. मग साचा हातात आला. काळाकुट्ट. मला वाटलं, बिचारी, दिसत नाही तिला, किती मळलाय. काडीला चिंधी गुंडाळून मी त्याच्या आतल्या वाट्या अर्धा तास घासल्या. लख्ख झाल्या, खरादवाल्याकडून आला होता तशा. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि दोन पावलं मागे जाऊन मी माझ्या भक्तीकडे कौतुकानं बघत उभा राहिलो.

तेव्हा कुठे मला जांभूळ आठवलं.

सात रविवार मी चिंचेनं धुऊन काढले होते.

शहाणा माणूस दवाखान्यात जाऊन पाय धरता. मावशीनं शिव्या दिल्या असत्या, ‘पुणेवाला’ म्हणून चार दिवस अबोला धरला असता, आणि मला शेगडीपाशी बसवून पुन्हा साचा तापवायला लावला असता. संक्रांतीला तीन महिने होते. तिनं सांगितलं असतं तर तिच्या देखरेखीखाली मी आंधळ्यासारखं सगळं केलं असतं. पण मी पडलो हुशार. मी बर्डीवर जाऊन काजळाची डबी आणली. दुकानदारानं विचारलं, "काय, लेकरू झालं का?" मी म्हणालो, "हो, मुलगी." एकदा खोटं बोलायला लागलं की त्याला तोंडी लावणंही लागतं. काजळ घट्ट होतं, नीट बसेना, म्हणून त्यात मी खोबरेल तेल घातलं. होय, तेल. आणि बोटानं दोन्ही वाट्यांना असं सारवलं की साचा पहिल्यासारखा काळा दिसू लागला. मी सुटकेचा श्वास टाकला. वर, असल्या कामात आपल्याला गती आहे, असंही मला वाटलं.

मावशी घरी आली. डॉक्टरांनी धूर आणि आच वर्ज्य केली होती. तिला भिंगासारखा जाड चष्मा मिळाला, त्यातून तिचे डोळे घुबडासारखे मोठे दिसत. त्या चष्म्यातून तिनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "अरे, तू तं दिसाले बराच आहे की. मी उगाच कीव करत होतो." दिसायला लागलं म्हणून ती लहान पोरीसारखी घरभर हिंडली. साचाही तिनं उघडून पाहिला.

"काळा आहे," ती समाधानानं म्हणाली आणि ठेवून दिला.

संक्रांतीला मुलगा आला. शेगडी पेटली, शिसं वितळलं. कोट घालून मावशी पाटावर बसली. मुलगा खुर्चीवर, मी खांबाला टेकून, तोंडात तिळाचा लाडू. पहिली गोळी पडली. सुरकुतलेली.

"साचा थंडा आहे," मावशी म्हणाली. "या साच्याच्या. मोजू नको."

आणखी पाच ओतल्या. मनुका. आणखी दहा. एक तर चिकटून बसली, खिळ्यानं काढावी लागली. तिनं साचा पुन्हा तापवला. ओतलं. परातीवर सोडलं. गोळी दोन बोटं सरळ आली आणि डाव्या अंगाला वळून जमिनीवर पडली. मावशीनं चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा ओतलं. तिच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो शिशात पडू नये म्हणून ती पदरानं टिपत होती. एवढं सगळं तिच्या ध्यानात होतं, एवढे तिचे हात शाबूत होते, आणि गोळ्या वाकड्या येत होत्या.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बाबू, साच्याले कोणाचा हात लागला होता का गा?"

लाडू तोंडात होता. तो गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मला मिळाला होता. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याच्यासमोर चिंच, काजळ, बर्डीवरचं ते बाळ, सगळं सांगायचं? मला वाटलं, आणखी पाच-दहा गोळ्यांत तेल जळून जाईल, साचा ताळ्यावर येईल, कशाला उगाच.

"नाही मावशी," मी म्हणालो. "फूल तेवढं वाहिलं."

तिनं मान हलवली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. पळी खाली ठेवली आणि दोन्ही हात चष्म्याजवळ धरून, उलटेसुलटे करून बघत राहिली. कोणाचे तरी दुसऱ्याचेच हात आपल्याला जोडलेत की काय, असं.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, अजून दहा ओत. मी थांबतो."

"नाही गा. बोललो ते बोललो." मग, शेगडीवरची कढई उतरवत, "हात गेला माझा. डोळा आला अन् हात गेला."

मी तेव्हाही बोलू शकत होतो. तिनं सही केली ती चार दिवसांनी. चार दिवस मी माडीवरून खाली येत-जात होतो.

शेत गेलं. बंदूक ठाण्यात जमा झाली. उन्हाळ्यात घर बंद करून ती भिलाईला गेली, मी दुसरीकडे खोली घेतली. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत असे, की झालं ते बरंच झालं. म्हातारी मचाणावरून पडली असती, अंधारात कोणाला गोळी लागली असती, मुलाचं काय चुकलं? हे सगळं खरंही असेल. स्वतःचा वकील म्हणून मी बरा आहे. अशील फक्त वाईट मिळालं.

आठ-नऊ वर्षांनी ऑफिसच्या कामानं भिलाईला जाणं झालं. पत्ता काढून गेलो. मावशी व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती, काहीच न करता. हे मला आधी खटकलं. तिला मी रिकामी बसलेली कधी पाहिली नव्हती. चष्मा सावरत तिनं मला ओळखलं. "पुणेवाला!" सून पाणी घेऊन आली, आणि आत जाता जाता हलक्या आवाजात मला म्हणाली, "कशालाच हात लावत नाहीत हो. भाजी निवडत नाहीत, वाती वळत नाहीत. म्हणतात, हात गेला." तेवढ्यात माझ्या शर्टाच्या बाहीचा सुटलेला धागा मावशीला दिसला. गप्पा मारता मारता तिनं तो दोन बोटांत धरला, पीळ दिला आणि टचकन तोडला. हात जरासुद्धा हलला नाही.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. नवमी, विटकर, काजळ, दुकानदार, खोबरेल तेल, तोंडातला लाडू. सांगताना मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. आता चिडेल, आता ती खुर्चीला टेकवलेली काठी घालेल. तिनं ती घालावी, असंच मला वाटत होतं.

मावशी ऐकत होती. मधे काजळाच्या डबीपाशी तर हसली. माझं संपल्यावर तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"इतक्या दूर येऊन, मले बरं वाटावं म्हणून एवढं रचून सांगून राहिला का गा?"

"मावशी, रचलं नाही. शप्पथ. खरंच मी..."

"असू दे, असू दे. मले माहीत आहे नं माझ्या हाताचं. वय झालं म्हणजे जाते ते. त्यात लाज कायची?" ती आत वळून म्हणाली, "ऐकलं का वं? लय गोड बोलते हा पोट्टा, आधीपासूनच. याले जेवल्याबिगर जाऊ देऊ नको."

मी आणखी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा ती जास्तच मायेनं हसली.

जेवायला बसलो. ताटात वांग्याची भाजी, भाकर, ठेचा. मावशी शेजारी पाट घेऊन बसली. वरणाची वाटी रिकामी झालेली तिनंच आधी पाहिली. पातेलं तिच्या हाताशी होतं, पळी त्यात होती.

"तू वाढ वं," ती सुनेला म्हणाली. "माझ्या हातानं सांडते."